बरीच वर्षं उभी असलेली स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणताय? या चुका टाळा

गाडीवरचं कव्हर निघालं की कुणीतरी म्हणतंच, “बॅटरी लावून एकदा सुरू तर करून बघू!” पंधरा-वीस वर्षं निमूट उभ्या असलेल्या गाडीचं खरं नुकसान बहुतेकदा त्यानंतरच्या दहा मिनिटांत होतं.

उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल कधीच खाली उतरून गेलेलं असतं. ओल धरली असेल तर पिस्टनच्या रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यामध्ये गंजाचा बारीक थर बसतो. अशा वेळी स्टार्टर मारला की रिंग तुटते किंवा बोअरवर ओरखडे पडतात, आणि चार दिवसांच्या धीरावर भागणारं काम पूर्ण इंजिन उतरवण्यावर जातं. म्हणून आधी सगळे स्पार्क प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच राहू द्या. इंजिन जाम असेल तर काही दिवस लागतील, लागू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) बोल्टला पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं हातानं हळूहळू फिरवा. पूर्ण दोन फेरे व्हायला हवेत, कारण तेवढ्यातच प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. मध्येच अडलं तर पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका. व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला असेल, तर पिस्टन त्यावरच आदळणार आहे. व्हॉल्व्हवरचं कव्हर काढून आधी तिथं बघा.

इंजिन हातानं मोकळं फिरलं की नवं ऑइल आणि फिल्टर घाला. प्लग न लावताच, प्लगच्या भोकांवर फडकं टाकून, थोडा थोडा वेळ स्टार्टर फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा हलला, की मगच प्लग लावायचे.

टायमिंग बेल्टवाल्या, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा मेळ रबरी पट्ट्यानं राखणाऱ्या, गाड्यांत आणखी एक धोका असतो. फेरारी ३०८ किंवा पोर्शे ९४४चा बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. “गाडी फक्त तीस हजार किलोमीटर चाललीय” हा हिशेब इथं कामाचा नाही, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. या गाड्यांत स्टार्टर मारण्याआधीच बेल्ट बदला.

पेट्रोलच्या बाबतीत होणारी चूक म्हणजे जुन्यावरच नवं ओतणं. शिळ्या पेट्रोलला व्हार्निशसारखा आंबूस वास येतो, आणि त्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकांत, बसतो. टाकी पूर्ण रिकामी करा, टॉर्च मारून आतला गंज बघा, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करताना वेगळ्या छोट्या डब्यातून पेट्रोल द्या. रबरी नळ्या सगळ्याच बदला, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश गाडीत चावी फिरवल्यावर मागून पंपाची टिकटिक ऐकू आली नाही, तर पंप लगेच फेकू नका. त्याचे पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, बहुतेकदा काळे पडून अडकलेले असतात. पंपावर हलकेच टकटक केलं की तो कित्येकदा चालू होतो. मात्र तेवढ्यावर विसंबून लांब जाऊ नका, पॉइंट साफ करा किंवा बदला.

आता ब्रेक. मला विचाराल तर हे काम इंजिनच्याही आधी करायला हवं. पेडल घट्ट लागलं म्हणजे ब्रेक चांगले, असं समजणं महागात पडतं. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि त्या पाण्यानं ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र पुन्हा ग्लायकॉलचंच. नावांच्या या गोंधळात बरेच जण फसतात.

एका गाडीचं पुढचं चाक थोडं चाललं की तापायचं. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) दोनदा उघडला, नवी सील घातली, तरी तेच. शेवटी ब्रेकचा रबरी होज काढला आणि ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून तो काळाभोर, जवळजवळ नवा दिसत होता. आतलं रबर मात्र इतकं फुगलं होतं की भोकातून सुई जेमतेम गेली असती. पेडल दाबल्यावर जोरामुळे ऑइल पुढं जायचं, पण परत यायला वाटच नव्हती. तेव्हापासून कोणतीही उभी गाडी हाती आली, की होज बघत बसत नाही, थेट बदलतो.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्याच्या बाजूवरचे आकडे वाचा. शेवटचे चार आकडे २३१४ असतील तर टायर २०१४च्या तेविसाव्या आठवड्यातला. तीनच आकडे असतील तर २०००च्या आधीचा. दहा वर्षांपलीकडचा टायर गाडी हलवण्यापुरताच ठेवा, वेगात चालवायला नको.

बॅटरी जोडण्याआधी अर्थिंग कुठल्या टोकाला आहे ते बघा. १९६७पर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं, सवयीनं उलटं जोडलं की नुकसान ठरलेलं. वायरी उंदरांनी कुरतडल्यात का, तेही बघा. १९९८पर्यंत बनलेल्या हवेवर थंड होणाऱ्या पोर्शे ९११मध्ये तर सिलिंडरच्या पंखांवरच उंदरांचं घरटं असू शकतं. ते राहिलं तर हवा अडते, इंजिन तापतं, आणि आगीचीही भीती असते.

गाडी सुरू झाल्यावर निळा धूर आला किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) कमी भरलं, तर लगेच इंजिन उघडायला बसू नका. अडकलेल्या रिंगा आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवरचा गंज चालण्यानं सुटू शकतो. दोनेकशे किलोमीटर सावकाश चालवा, ऑइल बदला, इंजिन गरम असताना पुन्हा मोजा. तरीही आकडा वर आला नाही तर मग उघडा.

रंगकाम शेवटी. आणि नवा भाग हातात येऊन नीट बसेपर्यंत जुना टाकू नका. आज मिळणारी रबरी सील मापाला पुष्कळदा चुकतात, तेव्हा जुन्या तुकड्यावरूनच खरं माप कळतं.

पहिल्या फेरीला फार तर चार-पाच किलोमीटर जा. परत आल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ तळहात न्या, लगेच टेकवू नका. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागलं, तर तिथला ब्रेक किंवा बेअरिंग उघडून बघितल्याशिवाय गाडी पुन्हा बाहेर काढू नका.