अमेरिकन कॉलेजची स्पोर्ट्स स्कॉलरशिप आली तर सही करायच्या आधी पैशाचं गणित कसं बघायचं

हल्ली मुंबईत प्रियदर्शिनी पार्कच्या (पीडीपी) ट्रॅकवर जा नाहीतर दादरच्या पूलवर, बाकावर बसलेल्या आईबाबांमधे एकच चर्चा चालू असते, अमेरिकेत आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात म्हणे, मग आपल्या पोरीला पाठवायचं का. पाठवा ना, जरूर पाठवा. सोमदेव देववर्मन व्हर्जिनियाकडून खेळून २००७ आणि २००८ ला एनसीएएचा (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची मुख्य संघटना) टेनिस सिंगल्स चॅम्पियन झाला, तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटमधे राहून हाय जंपचं टायटल दोनदा मारलं, म्हणजे रस्ता आहे. पण बातमीतला पैसा वेगळा आणि तुमच्या हातात येणारा पैसा वेगळा, हे आधी नीट समजून घ्या.

बातमीतला पैसा असा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर जाहिराती करून कमवायची परवानगी मिळाली, त्याला एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. मग जून २०२५ मधे हाउस केसची, म्हणजे खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्याची, तडजोड कोर्टाने मंजूर केली आणि कॉलेजला स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना वाटा देता यायला लागला, २०२५-२६ साठी एका कॉलेजला जास्तीत जास्त साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. ऐकायला भारी वाटतं, पण बऱ्याच मोठ्या कॉलेजांत त्यातला तीन चतुर्थांशाच्या आसपास अमेरिकन फुटबॉलला जातो, मग पुरुषांचं बास्केटबॉल, आणि टेनिस, स्विमिंग, अ‍ॅथलेटिक्सच्या वाट्याला उरलंसुरलं. आपली मुलं जातात ती नेमकी याच खेळांत, त्यामुळे तुमच्यासाठी खरा पैसा म्हणजे अजूनही स्कॉलरशिपच.

आता ही कॉलेजं खेळ चालवतात कशावर ते बघा, कारण इथेच खरी मेख आहे. बड्या कॉलेजांना टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यातून मिळतं, पण छोट्या डिव्हिजन १ (एनसीएएची सगळ्यात वरची पातळी) कॉलेजांत मोठा हिस्सा सगळ्या विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि विद्यापीठाच्या बजेटमधून येतो, म्हणजे बजेटला कात्री लागली की पहिला नंबर कमाई नसलेल्या टीमचा. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च २०२५ मधे स्विमिंग-डायव्हिंगची टीमच बंद केली. हे घरबसल्या तपासता येतं, फुकट. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स साइटवर कॉलेजचं नाव टाका, तुमच्या खेळावर किती खर्च होतो ते दिसतं. सरकारी विद्यापीठ असेल तर नाइट-न्यूहाउस डेटाबेसमधे विद्यार्थी फी किती आणि देणग्या किती तेही निघतं. मागच्या काही वर्षांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा, तुमच्या खेळाचा खर्च दरवर्षी घसरत असेल तर कोचला सरळ विचारा, पुढची चार वर्षं टीम राहणार आहे का.

मग ऑफर लेटर. कोच फोनवर म्हणतो साठ टक्के देतो आणि घरात पेढे वाटले जातात, पण साठ टक्के कशाचे? समजा ट्यूशन ३२,००० डॉलर, राहणं-जेवण १४,०००, इन्शुरन्स ३,००० आणि पुस्तकं-वरखर्च ५,०००, एकूण ५४,०००. साठ टक्के एकूण खर्चाचे असतील तर तुम्हाला वर्षाला २१,६०० भरायचे, आणि फक्त ट्यूशनचे असतील तर ३४,८००. फरक १३,२०० डॉलर, तोसुद्धा दरवर्षी! म्हणून टक्के नकोत, डॉलरमधला आकडा लेखी मागा. सोबत हेही लेखी घ्या: स्कॉलरशिप एक वर्षाची की चार, दुखापत झाली किंवा कोच बदलला तर काय, समर टर्मची फी कोण भरणार. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट (खेळाडूने त्याच कॉलेजला येणार असं सही करून द्यायचा कागद) असायचं, ते ऑक्टोबर २०२४ मधे बंद झालं, आता जे काय आहे ते आर्थिक मदतीच्या करारातच, त्यामुळे तो करार अख्खा वाचायचा.

ट्यूशन आणि सक्तीची पुस्तकं यांच्यावरची स्कॉलरशिप करमुक्त असते पण राहण्या-जेवणाच्या भागावर टॅक्स लागतो, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांचा साधारणपणे १४ टक्के कापला जातो. हा आकडा कोच सांगत नाही, तुम्हीच विचारा.

स्क्वॉशवाल्यांनी हे खास वाचा कारण मुंबईत ती मुलं बरीच आहेत. हार्वर्ड, प्रिन्सटन, येल ही आयव्ही लीग कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत, एनसीएएच्या डिव्हिजन ३ मधली कॉलेजं पण नाहीत (स्क्वॉशसाठी नावाजलेलं ट्रिनिटी कॉलेज त्यातच येतं). तिथे मदत मिळते ती मुख्यतः घरचं उत्पन्न बघून, म्हणजे कोचने हो म्हटलं तरी पैशाचा अर्ज वेगळा भरायचा आणि त्याची तारीख चुकवायची नाही.

आता एनआयएल, आणि इथे कळकळीने सांगते. एफ-१ व्हिसावर टर्म चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम चालतं, बाहेरचं काम परवानगीशिवाय नाही. शूजच्या दुकानासाठी रील बनवून पैसे घेतले तर ते काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसा धोक्यात येतो. रूममेट करतोय म्हणून आपण करायचं नाही, त्याच्याकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. कॉलेजच्या वाट्यातले पैसे देऊ केले तरी आधी इंटरनॅशनल ऑफिस आणि इमिग्रेशन वकील, मग सही.

एजंटबद्दल एकच. ठरलेली फी घेणारा चालेल, पण मिळालेल्या स्कॉलरशिपचे अमुक टक्के मागणारा अजिबात नको, एनसीएएच्या नियमात ते बसत नाही आणि पोराची पात्रता जाऊ शकते. खरं तर कोचला ईमेल मुलं स्वतः करू शकतात: दहावी-बारावीचे मार्क, अधिकृत टायमिंग किंवा रँकिंग, दोन मिनिटांचा व्हिडिओ, आणि एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचा (खेळाडूची पात्रता तपासणारं ऑफिस) नंबर. कॉलेज निवडायला एज्युकेशनयूएसए या अमेरिकन सरकारच्या सल्ला केंद्राचा सल्ला फुकट मिळतो.

सगळं ठरलं की आय-२०, म्हणजे व्हिसासाठी लागणारा कॉलेजचा फॉर्म, येईल. त्यावरचा स्कॉलरशिपचा आकडा करारातल्या आकड्याशी जुळवून बघा, उरलेली रक्कम बँकेच्या कागदांत दिसते का तेही बघा, आणि जुळत नसेल तर बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधल्या व्हिसा इंटरव्ह्यूची तारीख घ्यायच्या आधी कॉलेजकडून सुधारित आय-२० मागवून घ्या.