‘असेच पाहिजे’ म्हणणाऱ्यासाठी गाणे बांधताना आपली चाल कशी राखावी

सोलापुरात चाली बांधणाऱ्याकडे काम येते ते बहुधा एखाद्या मंडळाचे, दुकानाच्या जाहिरातीचे किंवा भक्तिगीतांचे, आणि बोलणी सुरू होताच मोबाइलवर गाजलेले गाणे लावून ‘असेच पाहिजे’ असे सांगितले जाते. पैसे देणाऱ्याला यात दोष देण्याचे कारण नाही, कारण त्या गाण्यावर मिरवणूक नाचते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. त्यातले नेमके काय आवडले हे त्याला सांगता येत नाही. ते काढून घेणे हे आपले पहिले काम. लय हवी आहे, वाद्यांचा भरणा हवा आहे की मुखड्यानंतरची उसळी, असे एकेक विचारत गेल्यास उत्तर पुष्कळदा लयीपाशी येऊन थांबते. लय ही कुणा एकाची मालमत्ता नाही, मुखड्याची सुरावट मात्र असते.

यानंतर ते गाणे पुन्हा ऐकू नये. शब्द आधी मोठ्याने म्हणावेत आणि आवाज आपोआप कुठे रेंगाळतो ते पाहावे. ‘सिद्धरामा’ अशी हाक घातली तर जोर ‘सिद्’वर पडतो आणि आवाज ‘रा’वर लांबतो, उसन्या चालीत मूळ गाण्याचा शब्द जिथे संपत होता तिथे ‘मा’ ताणला जातो आणि ग्रामदैवताचे नावच तुटते. सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीतला ‘एकदा भक्तलिंग हर बोला हर’ हा घोष किंवा लेझमीचा खळखळाट कानात ठेवून चाल सुचू द्यावी. शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या कन्नड बोलीचे हेलही आपल्या कानावर रोज पडतात. एवढे धन दाराशी असताना दुसऱ्याचा मुखडा उचलावा, याचे मला मनापासून वाईट वाटते. याच गावच्या शाहीर रामजोशींनी तमाशाच्या श्रोत्यांसाठीच लावण्या रचल्या, पण त्यांत संस्कृतप्रचुर शब्दकळा आणून लावणीला आपले वळण दिले.

चाल ऐकवताना एक नव्हे, आपलेच दोन मुखडे ऐकवावेत. एकच ऐकवला की त्याची तुलना त्या गाजलेल्या गाण्याशी होते. दोन ऐकवले की निवड आपल्याच दोन चालींमध्ये होते.

काही बाबतीत मात्र खुशाल माघार घ्यावी. जुन्या ग्रामोफोनच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन-साडेतीन मिनिटे मिळत, तरी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्या वेळात भरलेल्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. आज स्पॉटिफायवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले तरच ते मोजणीत धरले जाते, म्हणून निर्माता लांब सुरुवात कापायला सांगतो. ती कापावी, मुखडा आधी आणावा, अंतरा लहान करावा. मुखड्याचे स्वर बदलायला सांगितले की तिथे ठाम राहावे आणि गरज पडल्यास मानधन थोडे कमी घ्यावे.

हे सारे टिकते ते कागदावर, म्हणून करार तोंडी ठेवू नये. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकारांना रॉयल्टीतला आपला वाटा सोडून देता येत नाही, त्यामुळे ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असे छापील वाक्य समोर आले तर सही करण्याआधी वकिलाला दाखवावे. संगीतकार म्हणून आपले नाव कुठे आणि कसे छापले जाईल हेही करारात लिहून घ्यावे. चालीचे पहिले कच्चे ध्वनिमुद्रण तारखेसह जपून ठेवावे, म्हणजे पुढे कुणी तीच चाल आपली म्हणून वापरली तर दाखवायला पुरावा हाताशी राहतो.