चारशे साठ घोडे आणि एक डावा पाय

ताकदवान स्पोर्ट्स कारवर मॅन्युअल (क्लच दाबून हाताने गिअर टाकायची) गाडी शिकणं अवघड, असा सर्वसाधारण समज आहे. पहिल्या दिवशी अनुभव नेमका उलटा येतो. २०१८ ते २०२१च्या फोर्ड मस्टँग जीटीमधलं पाच लिटरचं व्ही-८ इंजिन ४६० हॉर्सपॉवर आणि सुमारे ५७० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. आपल्याकडच्या १.२ लिटर के-सिरीज स्विफ्टचा टॉर्क ११३ न्यूटन-मीटर. क्लच जरा घाईत सुटला की स्विफ्ट गचका खाऊन बंद पडते. मस्टँग नुसती हुंकारते आणि निघते. नवशिक्याला वाटतं, जमलं की! लहान गाडी चूक तिथल्या तिथे दाखवते. ही गाडी चूक पोटात घालते आणि सहा महिन्यांनी क्लचप्लेटचं बिल पुढे करते. म्हणून अशा गाडीवर शिकताना गाडी बंद पडली नाही याचा अर्थ बरोबर चालवली, असा काढायचा नाही.

पुढचं सगळं मस्टँग जीटी आणि तिचा सहा-स्पीड गिअरबॉक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. भारतात २०१६ला आलेली मस्टँग फक्त ऑटोमॅटिक होती, त्यामुळे मॅन्युअल शिकणारे मराठी वाचक बहुतेक अमेरिकेतले. गिअरचे आकडे २०१८ ते २०२३च्या मॉडेलचे, ३.५५ फायनल ड्राइव्हवाले (गिअरबॉक्सनंतर चाकांपर्यंतचं शेवटचं गुणोत्तर). कॅमेरो, कॉर्व्हेट किंवा बीएमडब्ल्यू एम-२ असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच.

इंजिन चालू करण्याआधी बैठक. क्लच जमिनीपर्यंत पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून दाबावा लागत असेल तर सोडताना टाच तरंगते आणि मग क्लच हळू सुटूच शकत नाही. पायात पातळ तळव्याचा बूट हवा. चप्पल किंवा जाड तळव्याचे स्नो बूट नकोत. पायाखालचं मॅट क्लचखाली सरकत नाही ना, हे हाताने ओढून बघा. क्लच शेवटचे दोन सेंटिमीटर दाबला गेला नाही तर गिअर करकरत पडतो आणि माणूस गिअरबॉक्सला दोष देतो.

मग इंजिन बंद ठेवूनच क्लच दाबून गिअर टाकायचा सराव करा. दांडा न्यूट्रलमध्ये सोडला की स्प्रिंग त्याला मधोमध, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत आणून उभा करते. ही गोष्ट हाताला पटेपर्यंत दहा मिनिटं तेवढंच करा. रिव्हर्स पहिल्याच्याही डावीकडे वर आहे. मुठीखालची कडी वर उचलल्याशिवाय तो पडत नाही.

आता मोकळं, सपाट पार्किंग लॉट. रविवारी सकाळी बंद दुकानांसमोर सहज मिळतं, तरी जागामालकाला विचारून घ्यावं. पहिला धडा ॲक्सिलरेटरशिवाय. पहिला टाका, ब्रेक सोडा, उजवा पाय ब्रेकवर नुसता तरंगता ठेवा आणि क्लच अगदी सावकाश वर येऊ द्या. कुठेतरी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट केसभर उचलल्यासारखं वाटतं. तो बाइटिंग पॉइंट. तिथे पाय दोन सेकंद थांबवा, गाडी सरकू लागली की उरलेला क्लच सोडा. पहिल्या गिअरमध्ये दर हजार आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) ही गाडी ताशी सात मैल जाते, म्हणून आयडलच्या, म्हणजे रेस न देता चालू इंजिनच्या, सातशे आरपीएमवर ती ताशी पाच मैलांनी आपोआप चालत राहील. पुन्हा क्लच, ब्रेक, थांबा. असं वीस-तीस वेळा. स्विफ्टमध्ये हे करताना अर्ध्या वेळा गाडी बंद पडते. इथे टॉर्क मदतीला आहे, तर त्याचा फायदा इथेच घ्या.

मस्टँगची एक खोड आधीच सांगून ठेवायला हवी. क्लच पेडल हलकं लागावं म्हणून त्यावर एक मदतीची स्प्रिंग बसवलेली आहे. तिच्यामुळे पेडलचा जोर सगळीकडे सारखा लागत नाही. बाइटिंग पॉइंट पायाला नीट सांगत नाही. म्हणून इथे पायापेक्षा कान आणि पाठ जास्त कामाची. आवाज खाली बसला, सीटला धक्का लागला, की आलं. काही जण ती स्प्रिंग बदलून घेतात, पण शिकताना त्या फंदात पडू नये. गाडी आहे तशी शिका.

दुसरा धडा रेस देऊन. इथे नवशिक्यांचा सगळ्यात महागडा गैरसमज आहे: गाडी बंद पडू नये म्हणून तीन हजार आरपीएमवर धरायची आणि हाफ क्लचवर उचलायची. हिशेब बघा. इंजिन एका आरपीएमवर धरलं आणि गाडी त्या वेगाला येईपर्यंत क्लच घासू दिला, तर क्लचमध्ये तयार होणारी उष्णता आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड हजारावर जेवढी, तिच्या साधारण चौपट तीन हजारावर. क्लच भरभर सोडा की सावकाश, आरपीएम धरून ठेवलं तर एकूण उष्णता तीच. सावकाश सोडल्याने ती जास्त वेळात वाटली जाते इतकंच. त्यात ही गाडी सतराशे किलोच्या आसपास. सपाट रस्त्यावर १,२०० ते १,५०० पुरे, आणि ताशी दहा मैल व्हायच्या आत पाय क्लचवरून पूर्ण उचललेला हवा. जळालेल्या कागदासारखा, ब्रेक जळाल्यासारखा उग्र वास आला तर सराव थांबवा. त्यानंतर गाडी नुसती उभी न ठेवता दहा मिनिटं वरच्या गिअरमध्ये हळू चालवा, म्हणजे घासणं न होता हवा लागून सगळं थंड होतं. या मॉडेलमध्ये दोन प्लेटांचा क्लच आणि ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनचे धक्के शोषणारं, दोन भागांचं जड चाक) आहे. बदलायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. क्लचप्लेट झिजणारा भाग धरतात, त्यामुळे वॉरंटीच्या भरवशावर राहू नका.

गाडी बंद पडलीच तर घाई नको. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून बटण दाबा, पहिला आहे याची खात्री करा, निघा. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. बंद पडल्यावर घाबरून चार हजार रेस देणं हे बंद पडण्यापेक्षा वाईट.

गिअर वाढवताना घाई करायचं कारण नाही. तीन हजारावर पहिल्यातून दुसऱ्यात गेलात तर इंजिन साधारण १,९५०वर यायला हवं, कारण पहिल्याचं गुणोत्तर ३.२४ आणि दुसऱ्याचं २.१०. मोठ्या इंजिनचे फेरे खाली यायला किंचित वेळ घेतात. त्याआधी क्लच सोडला की गाडी पुढे उसळते, उशीर केला की डोकं खाली घालते. आरपीएमच्या काट्याकडे दोन-तीन दिवस बघितलंत की कानाला लय सापडते. थंडीत पहिले पाच-सात मैल दुसरा गिअर अडतो, तेल जाड असतं; न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबा, बोटांनी ढकला, मुठीने ठोसू नका. मॅन्युअल कॅमेरो एसएस किंवा २०१९पर्यंतची मॅन्युअल कॉर्व्हेट घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ताशी १५ ते २० मैलांच्या दरम्यान हलक्या रेसवर पहिल्यातून दुसऱ्याकडे ओढलं तर दांडा थेट चौथ्यात जातो. गिअरबॉक्स बिघडलेला नाही. इंधन-चाचणीचे आकडे सुधारण्यासाठी कंपनीने मुद्दाम ठेवलेली कुलूपव्यवस्था आहे ती. थोडी जास्त रेस दिली की ती मध्ये येत नाही.

भारतात गाडी शिकलेल्या माणसाला अमेरिकेत सगळे सांगतात, हात बदलेल, सवय होईल. सवय आठवड्यात होते हे खरं. पण एक धोका कोणी सांगत नाही. गिअरचा नकाशा दोन्हीकडे तोच असतो, बसणारा माणूस मात्र बाजू बदलतो. भारतात आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे पहिला-दुसरा आपल्यापासून लांब आणि पाचवा-सहावा आपल्या मांडीकडे. दांडा चुकून अंगाकडे ओढला गेला तर वरचा गिअर पडतो, इंजिन गुरगुरतं, बस्स. अमेरिकेत डावीकडे बसल्यावर पहिला-दुसरा तुमच्या मांडीकडे येतात. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मूठ आवळून, जोर लावून, जरा अंगाकडे ओढलं की दुसरा पडतो. तिसऱ्यात सात हजार आरपीएम म्हणजे ताशी ११२ मैलांच्या आसपास. त्या वेगाला दुसऱ्यात क्लच सोडला तर चाकं इंजिनला दहा हजारांच्या वर फिरवतात. इंजिनची मर्यादा साडेसात हजारांच्या आसपास. रेव्ह लिमिटर (फेरे मर्यादेबाहेर जाऊ न देणारी यंत्रणा) इथे काही करू शकत नाही, कारण तो फक्त इंधन तोडतो आणि इंजिनला फिरवताहेत ती चाकं. व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाहीत, पिस्टन त्यांना गाठतो. अमेरिकेत याला मनी शिफ्ट म्हणतात, कशामुळे ते बिल आल्यावर कळतं.

एवढ्या वेगाने कोण चालवतं, असं म्हणाल. बरं, हायवेवर सत्तर मैलांवर पाचव्यातून चौथ्यात येताना दुसरा पडला तर इंजिन ६,५००वर जातं. इंजिन वाचेल, पण पावसात मागची चाकं क्षणभर अडकतील आणि गाडी फिरेल. उपाय मुठीत आहे. चौथ्यात जाताना तळहात उघडा ठेवून बोटांनी सरळ मागे ओढा. स्प्रिंग दांड्याला मधोमध धरून ठेवतेच, तिला तिचं काम करू द्या. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तळहाताने पुढे ढकला, बाजूला रेटू नका. गिअर पडल्यावर क्लच सोडण्याच्या सुरुवातीला काटा अनपेक्षित उसळला तर लगेच क्लच पुन्हा दाबा. पाय पूर्ण उचलायच्या आधी हे जमलं तर बहुतेक वेळा निभावतं. ब्रिटनमध्ये मस्टँग उजव्या स्टिअरिंगची मिळते, तिथे भारतातलीच सवय चालते. मात्र तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली असेल तर परवान्यावर ७८ हा कोड असतो आणि मॅन्युअल चालवायला वेगळी परीक्षा द्यावी लागते.

गिअर कमी करताना इंजिनचे फेरे आधी वाढवून घ्यायचे. चौथ्यातून तिसऱ्यात येताना ते ४२ टक्क्यांनी वाढतात: दोन हजारावर असाल तर २,८५०ला जुळवा. तिसऱ्यातून दुसऱ्यात साधारण ४८ टक्के. क्लच दाबा, न्यूट्रलमधून जाताना ॲक्सिलरेटरला एक टिचकी, गिअर, क्लच सोडा. २०१९पासून जीटीमध्ये हे गाडीच आपोआप करण्याची सोय आली. शिकताना ती बंद ठेवावी हे आमचं मत; नाहीतर पाय कधीच शिकत नाही. उलट ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणा) कधीही बंद करू नका, ड्राइव्ह मोडही नॉर्मलच ठेवा. कार-मीटमधून (गाडीप्रेमींच्या मेळाव्यातून) बाहेर पडताना फुटपाथवर चढणारी मस्टँग हा अमेरिकेत विनोदाचा विषय झाला आहे, आणि त्यामागे बहुधा हेच असतं: कंट्रोल बंद, टायर थंड, स्टिअरिंग वळलेलं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस. वळताना गिअर बदलू नये. वळणाआधी बदला, सरळ झाल्यावर रेस द्या. समर टायर असतील तर तापमान सात अंश सेल्सिअसखाली गेलं की रबर कडक होतं, कोरड्या रस्त्यावरही पकड जाते. हिवाळ्यात वेगळे टायर लावा नाहीतर गाडी घरी ठेवा.

सिग्नलला न्यूट्रल करून पाय क्लचवरून काढा. दाबून बसलात तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवणारं बेअरिंग) झिजतं. चढावर हिल स्टार्ट असिस्ट ब्रेक दोन-तीन सेकंद धरून ठेवतं, तेवढ्यात बाइटिंग पॉइंट गाठायचा. तरीही हँडब्रेकची पद्धत शिकून घ्या: हँडब्रेक ओढलेला, रेस १,५००, क्लच बॉनेट उचलेपर्यंत, मग हँडब्रेक सोडा. हाफ क्लचवर गाडी चढावर झुलवत ठेवणं हा घाटात ट्रकमागे शिकलेला आपला जुना खेळ. या क्लचला तो फार लवकर जाळतो. सॅन फ्रान्सिस्कोची फिल्बर्ट स्ट्रीट ३१.५ टक्के चढाची आहे, पहिल्या महिन्यात तिकडे फिरकू नका. पार्क करताना चढावर पहिला, उतारावर रिव्हर्स, त्यावर हँडब्रेक. त्याच शहरात तीन टक्क्यांहून जास्त चढ असेल तर पुढची चाकं वळवून ठेवली नाहीत म्हणून दंड होतो: तोंड उताराकडे असेल तर चाकं फुटपाथच्या बाजूला, चढाकडे असेल तर रस्त्याच्या बाजूला.