फाशीविरोधी कामात येताना : आधी निर्गम उतारा

फाशीच्या विरोधात काम करू पाहणाऱ्यांना राष्ट्रपती आणि राज्यपालांना दयेचा अधिकार देणारी राज्यघटनेतील कलमे ७२ आणि १६१, फाशी ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी हे १९८० च्या बच्चनसिंग निकालातील सूत्र आणि दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी ही विधी आयोगाची २०१५ ची शिफारस ठाऊक असते, असे मी गृहीत धरतो. एवढ्या ज्ञानावर सभा गाजवता येते. माझ्या पहिल्या प्रकरणात मी तेवढेच केले.

सत्र न्यायालयात खटला चालू असताना आम्ही वस्त्यावस्त्यांत सह्या गोळा करत होतो. आरोपी दोषी ठरला, दुसऱ्याच दिवशी शिक्षेवर सुनावणी झाली आणि ‘आरोपी तरुण आहे, घरी वृद्ध आईवडील आहेत’ एवढे बोलून बचावाचे वकील खाली बसले. सह्यांचे गठ्ठे माझ्या पिशवीतच राहिले. ते दाखवायचे तरी कोणाला?

घटनेच्या वेळी मुलगा अठराचा झाला नव्हता, हे त्याच्या आईने मला पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी गावच्या शाळेत गेलो, मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून दिले, जन्मतारखेच्या नोंदीचा मी मोबाइलवर फोटो घेतला आणि समाधानाने परतलो. येथेच मी फसलो, म्हणून हे विस्ताराने सांगतो. फोटोवर न्यायालयात भागत नाही. त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन, रजिस्टर क्रमांक आणि प्रवेशाची तारीख असलेला निर्गम उतारा, म्हणजे जनरल रजिस्टरातील नोंदीची नक्कल, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानिशी घ्यायला हवा होता. शिवाय दाखल करताना जन्मतारीख कोणी आणि कशावरून सांगितली हेही विचारून टिपून ठेवायला हवे होते, कारण सरकारी वकील नेमके तेच विचारतात. मी पुन्हा गेलो तेव्हा पटसंख्येअभावी शाळा बंद झाली होती, दप्तर दुसऱ्या शाळेत हलवले होते आणि तेथील गळक्या छपराखाली आमचे पान शेजारच्या पानाला चिकटले होते. उतारा हाती यायला चौदा महिने लागले. तेवढे दिवस मुलगा फाशी यार्डात होता.

तुमच्या हातूनही असे झाले असेल, तर खचून जाऊ नका. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९ नुसार अल्पवयाचा दावा निकाल अंतिम झाल्यावरही करता येतो. पुण्यातील १९९४ च्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला कैदी गुन्ह्याच्या वेळी साडेबारा वर्षांचा होता, हे राजस्थानातील शाळेच्या नोंदीवरून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले आणि त्याची सुटका केली. तोवर त्याची अठ्ठावीसहून अधिक वर्षे तुरुंगात गेली होती.

दवाखान्याचे कागद, मजुरीसाठीची स्थलांतरे, घरातील मारहाण हेही खटला चालू असतानाच जमवावे. आरोपीच्या आयुष्याची ही माहिती खटल्याच्या टप्प्यावरच समोर आली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मनोज निकालात सांगितले आहे. त्यासाठी वकील असावे लागत नाही, पायपिटीची तयारी असली की पुरते.

दयेच्या अर्जाच्या भरवशावर राहणारे ज्येष्ठ मला भेटले आहेत, आणि त्यांच्याकडून भाषणाखेरीज काही शिकता येईल असे मला वाटत नाही. त्यापेक्षा न्यायालयातील एखाद्या जुन्या कारकुनाची ओळख करून घ्यावी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार दयेचा अर्ज कैद्याने, त्याच्या वारसाने किंवा नातेवाइकाने करायचा असतो, आणि न्यायालयात शिक्षा कायम झाल्याचे तुरुंग अधीक्षकांनी कळवल्यापासून त्यासाठी तीस दिवस मिळतात. तो आधी राज्यपालांकडे केला असेल, तर तेथे नकार मिळाल्यावर राष्ट्रपतींकडे जाण्यास साठ दिवस असतात. संस्थेच्या नावाने जमवलेल्या ऑनलाइन सह्या त्या अर्जाची जागा घेत नाहीत.

बळी गेलेल्या व्यक्तीच्या घरी आपली बाजू पटवायला जाऊ नका. मी एकदा गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी पाणी दिले आणि मी निघेपर्यंत ते एक शब्दही बोलले नाहीत.

आमच्या प्रकरणात वयाच्या दाव्यावर चौकशीचा आदेश झाला आहे. आई तुरुंगातील दर भेटीनंतर फोन करून विचारते, ‘‘दादा, आता सुटेल ना?’’ मी तिला पुढची तारीख सांगतो आणि उताऱ्याची प्रमाणित प्रत पिशवीत आहे ना, एवढे विचारतो.