नैरोबीत नव्याने येणाऱ्यांसाठी: स्वेटर, टोकन आणि थोडी कानउघाडणी

"आफ्रिकेत बदली झाली" असं सांगत लोक निघतात आणि बॅगेत सुती कपडे नि उन्हाची क्रीमं भरून आणतात. केनियाची राजधानी नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे इथला सगळ्यात गार महिना जुलै. घरात हीटर नसतो आणि फरशी बर्फासारखी लागते. तेव्हा सगळ्यांसाठी एकेक जाड स्वेटर आणि पायमोजे आधी भरा, बाकीचं नंतर.

मुद्दा हवेपुरता नाही. इथे येण्याआधी तुम्हाला दहा जण सल्ले देतील. कोणी नायजेरियातल्या लागोसमध्ये राहिलेला असेल, कोणी टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये, कोणाच्या साडूने युगांडातल्या कंपालात दुकान चालवलेलं असेल. प्रत्येकाला विचारा, हे कुठल्या शहराचं सांगताय? एका शहराचा सल्ला दुसऱ्या शहरात चालत नाही. माझ्या सल्ल्यालाही तोच नियम लावा.

कागदपत्रांबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण बाकीचं कंपनी करते. जोडीदाराला जो डिपेंडंट पास मिळतो, त्यावर नोकरी करता येत नाही. "तिथे गेल्यावर बघू" असं म्हणून भारतातली चांगली नोकरी सोडून आलेल्या बायका मी इथे पाहिल्या आहेत. वेगळं वर्क परमिट मिळण्याची शक्यता किती, हे निघण्याआधी कंपनीला स्पष्ट विचारा.

आपली मंडळी बहुतेक पार्कलँड्स, वेस्टलँड्स किंवा न्गारा भागात घर घेतात. घर बघताना हॉल केवढा आहे ते नंतर बघा, आधी पाणी कुठून येतं ते विचारा. नळाचं पाणी रोज येईलच असं नाही, म्हणून बऱ्याच इमारतींची स्वतःची बोअरवेल असते. इथल्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे आणि उकळल्याने ते जात नाही. लहान मुलं असतील तर पिण्यासाठी वीस लिटरचे जार लावा. वीज बहुतेक ठिकाणी प्रीपेड असते. पैसे भरले की वीस आकडी टोकन फोनवर येतं, ते मीटरवर टाइप करायचं. रविवारी रात्री पाहुणे जेवायला बसलेले असताना युनिट संपण्याची या मीटरला खोड आहे.

पैशांचं सगळं एमपेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर, चालतं. २००७ साली हे इथे सुरू झालं, म्हणजे आपल्याकडे यूपीआय यायच्या कितीतरी आधी. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतलं की त्याच दिवशी खातं उघडा. भाजीवाल्या बाईपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं त्यातूनच जातं. दुकानाला टिल नंबर असतो, शाळेला किंवा वीज कंपनीला पेबिल नंबर; पैसे त्या नंबरावर भरायचे. कधीतरी मेसेज येईल, "चुकून तुम्हाला पैसे गेले, परत पाठवा". आधी शिल्लक बघा. बहुतेक वेळा काहीच आलेलं नसतं.

आता जेवण, कारण सामानाचं अर्धं वजन त्याच भीतीने वाढतं. पार्कलँड्समधल्या सिटी पार्क मार्केटमध्ये मेथी, दुधी, कारली, कढीपत्ता सगळं मिळतं. पण तेवढ्यावर थांबू नका. कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या बाईला इथे मामा म्बोगा म्हणतात. तिच्याकडे तेरेरे मागा, तो आपल्या माठाचाच भाऊबंद. कुंडे म्हणजे चवळीचा पाला. विंबी म्हणजे नाचणी, म्तामा म्हणजे ज्वारी, आणि दोन्हींचं पीठ साध्या सुपरमार्केटमध्ये असतं. भाकरी होते, फक्त पीठ जरा जाड दळलेलं असतं, उकड काढून घ्या. शाकाहारी असाल तर विंबीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. लापशीसाठीच्या काही मिश्र पिठांत ओमेना नावाची सुकी मासळी दळलेली असते. बाहेर खायचं तर चपाती आणि न्देंगु मागा. न्देंगु म्हणजे मुगाची उसळ. चपाती आपल्यापेक्षा जाड आणि तेलकट, पण पावसाळी दुपारी तिला तोड नाही. भारतातून आणायचं ते कोकम, कुळथाचं पीठ, गोडा मसाला आणि कुकरच्या जादा रिंगा. या उंचीवर कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या आणू नका. २०१७ पासून इथे त्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे.

घरकामाला बाई लागेल, आणि इथे मला जरा कडक बोलायचं आहे. आपण इथे कोऱ्या पाटीने येत नाही. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जी रेल्वे बांधली गेली, तिच्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांहून जास्त मजूर आले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास दगावले. नैरोबी हे शहरच १८९९ मध्ये त्या रेल्वेचा डेपो म्हणून वसलं. पुढे व्यापार आपल्या लोकांच्या हातात आला आणि त्याबरोबर एक लौकिकही आला: मुहिंदी (स्वाहिलीत भारतीय) मालक पगारात घासाघीस करतो, नोकराचा कप वेगळा ठेवतो. कामाला येणारी बाई हा लौकिक ऐकूनच तुमच्या दारात उभी असते. घरकामगारांनाही इथे किमान वेतनाचा कायदा लागू आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आरोग्य विम्याची नवी योजना आली, तिचा हप्ता पगाराच्या २.७५ टक्के. शिवाय निवृत्ती निधीही भरायचा असतो. "शेजारचे देत नाहीत" हे कारण ऐकायलाही वाईट वाटतं. रविवारची सुट्टी द्या आणि कप एकच ठेवा.

मुहिंदी या शब्दात चौथ्या पिढीचा केनियन गुजरातीही येतो. २०१७ मध्ये सरकारने या समाजाला देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. अशा माणसाला "भारतात परत कधी जाणार?" असं विचारू नका, तो घरीच आहे. तसं पाहता स्वाहिलीआधी तुम्ही गुजरातीच शिकाल, दुकानांत तीच जास्त कानावर पडते.

सुरक्षिततेच्या गोष्टी ऐकून काही जण तीन वर्षं विजेच्या कुंपणाआड काढतात आणि परत गेल्यावर आफ्रिकेबद्दल भाषणं देतात. काळजी घ्यायची ती अशी: रस्त्याच्या कडेला फोन हातात धरून उभं राहू नका, बोडाबोडावरून, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवरून, तो अलगद उचलला जातो. गाडीच्या काचा सिग्नलला वर घ्या. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, टॅक्सी बोलवा. दिवसा मात्र मटाटूने, म्हणजे इथल्या खासगी मिनीबसने, जरूर जा. गाणी कानठळ्या बसवतात आणि पाऊस आला की भाडं वाढतं, पण शहर कळतं ते तिथेच. कुठला रस्ता टाळायचा हे इमारतीच्या अस्कारीला, म्हणजे पहारेकऱ्याला, विचारा. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

सुट्ट्यांत बाहेर पडा. २०१७ पासून नवी रेल्वे पाचेक तासांत मोंबासाला नेते, पण उतरलात की नैरोबीचे नियम संपले. नैरोबीत उंचीमुळे मलेरिया जवळजवळ नाही. किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला भरपूर आहे. दार-एस-सलाममध्ये वयाने मोठ्या माणसाला "शिकामू" असा आदराचा नमस्कार म्हटल्याशिवाय कामाचं बोलणं सुरू करू नका, उत्तरात "मराहाबा" आलं की पुढे बोला. तिथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, प्लंबर "सा ताटू", म्हणजे तीन वाजता, म्हणाला तर तो सकाळी नऊला येणार. कंपालात जुन्या भारतीय कुटुंबांशी बोलताना १९७२ चा विषय त्यांनी काढला तरच काढा. तेव्हाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला दिलेल्या नव्वद दिवसांत घरदार सोडून गेलेले आणि पुढे परतलेले लोक अजून आहेत. रवांडातल्या किगालीला महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी पोचू नका. सगळं शहर श्रमदानात असतं आणि दुकानं बंद. शाकाहाऱ्यांनी इथिओपियातल्या आदिस अबाबाला बुधवारी किंवा शुक्रवारी जावं. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचे ते दिवस असल्याने इंजेरावर (तिथल्या आंबवलेल्या, डोशासारख्या भाकरीवर) डाळी-भाज्यांची अशी ताटं मिळतात की मांसाहारी नवराही तक्रार करत नाही.

पिवळ्या तापाची लस मात्र भारतातूनच, सरकारमान्य केंद्रात घेऊन या, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. एकदा घेतली की आता ती जन्मभर चालते. केनियातून भारतात उतरताना ते पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा. आणि मोंबासा किंवा किसुमू करून पुण्या-मुंबईला गेल्यावर महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "मी केनियाहून आलेय" हेच सांगा, म्हणजे ते मलेरियासाठी रक्त त्याच दिवशी तपासतील.