ब्रेकच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी: अंबडच्या गॅरेजमधील अनुभव

नाशिकमधील सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून मी अंबडच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा ब्रेकचे काम म्हणजे पॅड (डिस्कवर घासणाऱ्या पट्ट्या) बदलणे, लायनर (ड्रमला आतून घासणारे अस्तर) बदलणे आणि ऑइलच्या नळ्यांतील हवा काढणे, एवढीच माझी समजूत होती. पहिल्याच महिन्यात एका छोट्या गाडीने ती मोडली. त्या गाडीचे पुढचे डावे चाक हात लावू देणार नाही इतके तापत असे आणि गाडी डावीकडे ओढत असे. त्या चाकाचे पॅड उजव्या बाजूपेक्षा बरेच झिजलेले दिसले, म्हणून मी दोन्ही बाजूंचे पॅड बदलले, कॅलिपरच्या, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना साफ करून त्यांना ग्रीस लावले आणि गाडी मालकाच्या हवाली केली. आठच दिवसांत ती त्याच तक्रारीसह परत आली.

उस्तादांनी या वेळी मला एकही पार्ट काढू दिला नाही. गाडी चालवून चाक जाम होऊ दिले, जॅकवर उचलून खाली स्टँड लावले आणि प्रथम मास्टर सिलिंडरकडून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडून) येणारी लोखंडी नळी जेथे कॅलिपरकडे जाणाऱ्या रबरी होजला, म्हणजे लवचिक नळीला, जोडलेली असते, तेथील जोड किंचित सैल केला. चाक मोकळे झाले नाही. याचा अर्थ मास्टर सिलिंडर दाब अडवून धरत नव्हता. जोड आवळून त्यांनी कॅलिपरचे निपल (हवा काढण्याचे तोंड) उघडले, तेव्हा ब्रेक ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक हाताने फिरू लागले. निपल उघडूनही चाक जाम राहिले असते, तर पिस्टन किंवा पिना अडकल्या आहेत असे समजायचे होते. येथे मात्र दाब होजमध्येच अडकत होता. होज बाहेरून अगदी धडधाकट दिसत होता. आतले रबर फुगल्यामुळे पायाच्या जोराने ऑइल पुढे जात होते, पण पाय काढल्यावर मागे येत नव्हते. पॅडचा खर्च मालकाला उगाचच पडला होता आणि तो मी पाडला होता, ही गोष्ट मला अजूनही बोचते.

म्हणून माझा आग्रह आहे की पाना हाती घेण्यापूर्वी मालकाचे म्हणणे पूर्ण ऐकावे आणि स्वतः सीटवर बसून पेडल दाबून पाहावे. पेडल स्पंजासारखे लागले तर बहुधा हवा शिरलेली असते. पाय रोवून धरला असता ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे सील संशयित ठरतात. पहिल्या दाबाला खोल जाणारे पेडल दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येत असेल, तर मागच्या ड्रममधील शूचे (लायनर बसवलेल्या पट्ट्यांचे) ड्रमपासूनचे अंतर वाढलेले असण्याचा संभव असतो. पेडल दगडासारखे कडक असल्यास पायाच्या जोराला साथ देणारा बूस्टर तपासावा: इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारावे, नंतर ते दाबून धरून इंजिन सुरू करावे, पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक लावताना पायाला बसणारे धक्के हा दोष नव्हे. साध्या, हळू ब्रेकलाही पेडल थरथरत असेल, तरच डिस्कची जाडी तपासावी.

नाशिकमध्ये एक तक्रार वारंवार येते. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना पेडल मऊ झाले, असे मालक सांगतो आणि गॅरेजमध्ये मात्र सर्व काही ठीक असते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत येऊ शकते. सतत ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरला की जुने ऑइल उकळते, त्याची वाफ दाबली जाते आणि पेडल खोल जाते. गाडी थंड झाली की पुरावाही नाहीसा होतो. ऑइल बदलावे आणि मालकाला खालच्या गिअरमध्ये उतरण्यास सांगावे. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून उतरणारेही भेटतात. काही दाबांनंतर बूस्टरची साथ सुटते, हे त्यांना स्पष्ट शब्दांत सांगण्यात संकोच करू नये.

पावसाळ्यात हँडब्रेक ओढून दिवसेंदिवस उभ्या राहिलेल्या गाडीचे शू ड्रमला चिकटतात. हे काम सोपे आहे.

हाताच्या काही सवयी मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधावा. ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये, ती फुप्फुसांत जाते. रबरी सीलला पेट्रोल किंवा इंजिन ऑइल लागू देऊ नये. हवा काढताना सहकाऱ्याने पेडल सोडण्यापूर्वी निपल बंद झालेच पाहिजे आणि टाकीतील ऑइल संपू देऊ नये. चाकांचा क्रम त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावा, कारण मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचे चाक आधी हा नियम प्रत्येक गाडीला लागू पडत नाही.

नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे पहिला दाब पोकळ जातो. मी गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट होईपर्यंत मारतो, मग दुपारी औद्योगिक वसाहतीतील रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून येतो आणि उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन कोणते अधिक तापले आहे ते पाहतो.