शिबिराआधी पंचांग उघडा: किनाऱ्यावर रग्बीचा सराव घ्यायचा तर

रग्बीच्या शिबिराची तयारी बॉल मोजण्यापासून नाही, पंचांगापासून सुरू करा. कोकणात सपाट, मऊ आणि फुकट मैदान एकच, ते म्हणजे ओहोटीचा किनारा, आणि त्याची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कुठल्याही कोळीवाड्यात तोंडपाठ असतो. सप्तमीला भरती सव्वापाचच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळच्या सरावाला वाळू पाण्याखाली. पौर्णिमेला भरती सव्वाअकराला, म्हणजे ओहोटी साडेपाचच्या आसपास, नेमकी मुलं हाताशी असतात तेव्हा. हा अंदाजच आहे. शेवटची वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पक्की करा.

तिथीचं हे गणित शिकवण्याच्या क्रमालाही सोयीचं पडतं. दिवाळीच्या सुट्टीत शिबिर घ्यायचं तर कार्तिक शुद्ध सप्तमीला सुरू करा. तेव्हा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, संध्याकाळी किनारा मोकळा मिळत नाही, म्हणून पहिले चार-पाच दिवस शाळेच्या तांबड्या मातीच्या मैदानावर काढायचे: पास, धाव, जागा ओळखणं, ड्रॉप किक (बॉल हातातून सोडून टप्पा घेताच मारायची किक). अंगाला अंग लावायचं नाही. द्वादशीपासून पाणी वेळेवर मागे जायला लागतं, त्रिपुरी पौर्णिमेला उधाणाची ओहोटी लांबवर जाते, आणि ओल्या वाळूवर टॅकल, म्हणजे बॉलवाल्याला धरून खाली पाडणं, शिकवता येतो. जांभ्याच्या सड्यावर किंवा खडीच्या मैदानावर टॅकल घेऊ नका. ढोपरं फुटतात ती भरून येतात, पण पडण्याची भीती बसलेला मुलगा पुन्हा नीट खाली वाकत नाही.

परवानगीचं थोडक्यात. ग्रामपंचायतीला पत्र, पोलिसांना कल्पना, आणि ज्या पट्ट्यात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागते तिथल्या रापणकरांशी आधी बोलणं. त्यांची जागा अडवलीत तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला जागा नाही, आणि ते योग्यच आहे. कासवांच्या हंगामात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेवरची वाळू सोडून द्या. संरक्षक जाळीच्या आसपास मुलं फिरकूही देऊ नका. पर्यटकांच्या गाड्या किनाऱ्यावर उतरतात त्या टोकाला मैदान आखू नका, दोरी बांधली तरी त्या थांबत नाहीत.

सामान फार लागत नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना चार नंबरचा बॉल, त्यापुढच्यांना पाच नंबरचा. तीन मुलांमागे एक बॉल हवा, नाहीतर सराव म्हणजे रांगेत उभं राहणं होतं. हवा साडेनऊ ते दहा पौंड, म्हणून पंप, त्याची सुई आणि आणखी एक सुई घ्या, कारण पहिली वाळूत हरवते. कोन कमी पडले तर नारळाची सोडणं ठेवा. त्यावर पडलं तरी लागत नाही. दोन रंगांचे बिब, शिट्टी, गोड्या पाण्याची बादली. खाऱ्या पाण्यात भिजलेला बॉल तसाच पिशवीत गेला की वरची खरखर लवकर जाते, मग पास निसटायला लागतात आणि आपण मुलांच्या हातांना बोल लावतो. दातांचं गार्ड प्रत्येकाचं स्वतःचं; गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं ते चालतं. नखं कापलेली, कडं, साखळी, कानातलं घरी. गळ्यातला ताईत काढायला घरचे तयार नसतील तर त्या मुलाला टॅकलमध्ये घेऊ नका, वाद घालत बसू नका.

मैदान आखण्याआधी सगळ्यांनी एका ओळीत हळू चालत वाळू तपासायची: शिंपले, बाटल्यांच्या काचा, गळ, तुटलेल्या जाळ्याच्या दोऱ्या. नियमांप्रमाणे मैदान शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद असू शकतं. एवढी रुंदी आपल्या बऱ्याच किनाऱ्यांवर ओहोटीलाही मिळत नाही, म्हणून पाच-पाच जणांचे लहान चौकोन करा. लांबी किनाऱ्याला समांतर ठेवली की मावळता सूर्य कोणत्याच संघाच्या थेट डोळ्यांत येत नाही. उतार मात्र समुद्राकडे राहतो आणि वाराही तिकडूनच, म्हणून बाजू बदलत राहा. पाण्यापासून पाच-सहा मीटर अंतर सोडा, आणि भरती लागली की ते पुन्हा मोजा.

आता खरा मुद्दा. सरावाच्या वहीत ड्रिलचं नाव लिहू नका, त्या ड्रिलमध्ये मुलाने कोणता निर्णय घ्यायचा आहे ते लिहा. निर्णय लिहिता येत नसेल तर ते ड्रिल काढून टाका. चौघांनी ओळीत धावत पास देत जाणं दिसायला छान, पण समोर कोणी नसेल तर त्यात ठरवायचं काहीच नसतं. हात बसण्यापुरतं ते सुरुवातीला घ्या आणि लगेच दोघांविरुद्ध एकावर या. दहा मीटर रुंद, पंधरा मीटर लांब चौकोन, दोन आक्रमक, एक बचावपटू. बॉलवाल्याने बचावपटूकडेच धावायचं, त्याला आपल्याकडे वळायला भाग पाडायचं, आणि तो वळला की पास. लवकर दिला तर बचावपटू सरकून दुसऱ्याला धरतो. उशीर केला तर बॉलसकट खाली. सेव्हन्सचं, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीचं, सगळं आक्रमण या एका प्रसंगाच्या मोठ्या आवृत्त्या आहेत: तिघांविरुद्ध दोन, चौघांविरुद्ध तीन. निम्मा वेळ यावर गेला तरी जाऊ द्या.

ओल्या वाळूचा इथे एक फायदा आहे जो गवतावर नाही. पावलं उमटतात. धाव संपली की मुलांना मागे नेऊन त्यांचीच पावलं दाखवा. बॉलवाला सरळ गेला की बाजूच्या रेषेकडे पळाला, पास देण्याआधी पावलं आखूड झाली का, घेणारा बॉलच्या मागे होता की पुढे, सगळं लिहिलेलं असतं. पास मागेच द्यायचा हा नियम पाठ असूनही फुटबॉल खेळलेली मुलं बॉलच्या पुढे पळतात. त्यांना ओरडून सांगण्यापेक्षा पावलं दाखवलेली लवकर समजतात. घेणाऱ्याला एकच सूचना द्या: उशिरा निघ, वेगात ये.

ड्रॉप किक वाळूवर शिकवता येत नाही, कारण बॉल आधी जमिनीवर टप्पा घ्यावा लागतो आणि ओली वाळू तो देत नाही. म्हणून ती मैदानाच्या दिवसांतच उरकायची. सेव्हन्समध्ये ट्रायनंतरची (समोरच्या गोलरेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय) जादा गुणांची कन्व्हर्जन किकही ड्रॉप किकनेच मारतात, आणि ज्या संघाने गुण मिळवले तोच पुन्हा किक-ऑफ करतो, म्हणजे ती मारणारे किमान दोघं तरी तयार हवेत.

टॅकलला या, आणि इथे कोकणातल्या प्रशिक्षकाचं काम अर्धं सोपं आणि अर्धं अवघड आहे. रत्नागिरी-रायगडच्या मुलांच्या अंगात कबड्डी असते. ती खाली वाकतात, मांडीला हात घालायला घाबरत नाहीत, आणि साखळी करून एकत्र पुढे यायचं हे त्यांना सांगावं लागत नाही. कबड्डीतही सातच खेळाडू, त्यामुळे कोपरा कोणाचा, मधला कोण, ही भाषा तयार असते. बचावाची फळी शिकवताना तीच वापरा: हात सोडा, पण साखळी तुटू देऊ नका, एकटा कोणी पुढे पळाला की त्याच्या मागच्या फटीतून ट्राय होतो. सहा जण फळीत आणि एक मागे झाडूवाला, एवढी रचना नवख्यांना पुरे.

अवघड अर्धं असं की कबड्डीतला पकडणारा पंचाची शिट्टी होईपर्यंत सोडत नाही, आणि रग्बीत पाडल्याबरोबर सोडायचं असतं. पाडणाऱ्याने लगेच सोडून बाजूला व्हायचं, पडलेल्यानेही बॉल लगेच सोडायचा किंवा आपल्या बाजूला ठेवायचा. ही सवय मोडायला वेगळं ड्रिल लागतं: गुडघ्यावरून टॅकल, पडताक्षणी दोघांनी मोठ्याने ‘सोडला’ म्हणायचं, आणि पाडणाऱ्याने उठून पुन्हा आपल्या बाजूला उभं राहायचं. दुसरी सवय उचलून आपटण्याची. रग्बीत खेळाडूला उचलून डोक्यावर किंवा खांद्यावर आपटलं तर लाल कार्ड मिळू शकतं, मान मोडू शकते हे वेगळंच. पहिल्याच दिवशी सांगा, आणि पुन्हा केलं तर त्या दिवसापुरतं बाहेर.

टॅकलचा क्रम पक्का ठेवा: दोघंही गुडघ्यावर, मग एक चालत, मग दोघं चालत, मग हळू धावत. पूर्ण वेग शिबिराच्या शेवटी, तोही सगळ्यांना नाही. डोकं बाजूला, कधीच समोर नाही, नजर वर, दोन्ही हात मिठीत, पकड कमरेला. नियम खांद्याच्या रेषेपर्यंत परवानगी देतो, पण मुलांना कंबरच दाखवा. जोड्या वजनाने लावा, मैत्रीने नाही. मुलींच्या जोड्या वेगळ्या आणि त्यांच्याबरोबर महिला सहायक. स्पर्शाच्या रग्बीत मात्र सगळ्यांना एकत्र खेळू द्या.

त्याआधी शरीर तयार करायला वर्ल्ड रग्बी ही जागतिक संघटना पुरस्कारते तो अ‍ॅक्टिव्हेट नावाचा व्यायामक्रम आहे, त्यात तोल, उडी मारून नीट उतरणं आणि मानेची ताकद यांवर भर असतो. तोच वापरा. रेताड चढावर धावायला लावण्याचा मोह आवरा. फिजीचा संघ सिगातोकाच्या वाळूच्या टेकड्यांवर घाम गाळतो आणि 2016 मध्ये रिओला पुरुषांच्या सेव्हन्सचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्ण त्यांनीच ब्रिटनला 43-7 हरवून नेलं, हे मुलांना जरूर सांगा. पण त्या वाळूसाठी पोटऱ्या वर्षानुवर्षं तयार झालेल्या असतात.

डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मूल त्या दिवशी परत मैदानात येणार नाही, हे पालकांच्या सभेत आधीच सांगा आणि सही घ्या. नंतर सांगितलं की ‘काही होत नाही त्याला’ सुरू होतं. परत येणं टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांना विचारून. जवळचं ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते गाडीने जाऊन बघा, 108 ला जागा कशी सांगायची ते लिहून ठेवा, आणि त्या किनाऱ्यावर कोणत्या मोबाइलला रेंज येते ते तपासा. बंदरावरचा मासळीचा बर्फ मुरगळलेल्या घोट्याला चालतो, पाण्यात टाकायचा नाही. प्यायला साधं पाणी आणि मीठ घातलेलं कोकम सरबत.

शेवटच्या दिवशी सामना ठेवा, सात-सात मिनिटांचे दोन डाव, मध्ये दोन मिनिटं. वाळूवर एवढं पुष्कळ होतं, आणि बदली खेळाडूंना आत न घेता मोठ्या मुलांनाच पळवायचा मोह आवरा. स्क्रम (दोन्ही संघांनी खांदे भिडवून खेळ पुन्हा सुरू करणं) तिघांचा, ढकलाढकलीशिवाय. डावपेच दोनच द्या: मैदानाची पूर्ण रुंदी वापरा, आणि फट नसेल तर मागे घेऊन पुन्हा सुरू करा, बॉल लाथेने देऊन टाकू नका. पंच म्हणून गावातल्या कबड्डीच्या पंचाला बोलावणार असाल तर आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर अर्धा तास बसा, नाहीतर प्रत्येक पकडीला शिट्टी वाजेल.